लाल कोटावर पगडी: कॅनडा आणि फ्रान्सची दोन उत्तरं

बाहेरून आलेल्यांना सामावून घेताना देशाच्या परंपरांचं काय करायचं? कॅनडा आणि फ्रान्स याची अगदी वेगळी उत्तरं देतात.

कॅनडाने 1971 मध्ये बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून स्वीकारलं, 1988 मध्ये त्याचा कायदाही केला. पण खरी कसोटी लागली 1990 मध्ये. लाल कोट आणि रुंद कडांची स्टेटसन टोपी ही तिथल्या राष्ट्रीय पोलिसांची, म्हणजे माउंटींची, जगभरची ओळख. शीख पोलिसाला टोपीऐवजी पगडी घालू द्यावी का, यावरून देश ढवळून निघाला. परंपरा बुडाली अशी ओरड झाली, विरोधात सह्या गोळा झाल्या. तरी सरकारने परवानगी दिली. लाल कोट आजही तोच आहे, आणि त्यावर पगडीही शोभते.

फ्रान्सचा रस्ता उलटा. 1905 च्या कायद्याने धर्म आणि शासन वेगळे झाले. 2004 पासून सरकारी शाळांत हिजाब, पगडी, मोठा क्रूस अशी ठळक धर्मचिन्हं घालून विद्यार्थ्यांना येता येत नाही. यामागचा समतेचा हेतू मी नाकारत नाही. चर्चच्या वर्चस्वाशी झगडून फ्रेंचांनी हे मिळवलंय. पण शाळेच्या फाटकाशी हिजाब उतरवावा लागणाऱ्या मुलीला त्यात समता कशी दिसावी?

मला कॅनडाचंच उत्तर पटतं. अर्थात तिथेही एकमत नाही: क्युबेक प्रांताने 2019 मध्ये सरकारी शाळांतल्या शिक्षकांना आणि पोलिसांना कामावर धर्मचिन्हं घालायला बंदी केली.