सोसायटीच्या परिपत्रकांसाठी जीमेल कसं आहे?

मुलुंड-गोरेगावकडच्या शे-दीडशे फ्लॅटच्या सोसायटीला फुकटचं जीमेल पुरतं. दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा सहसा आड येत नाही. सगळे पत्ते ‘बीसीसी’त घाला, म्हणजे कुणाचा पत्ता कुणाला दिसत नाही आणि ‘रिप्लाय ऑल’चा गोंधळही टळतो.

अडचण दिसण्याची आहे. सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर नीटनेटकी वाटणारी वार्षिक सभेची नोटीस लोकलमध्ये उभ्याने फोनवर वाचणाऱ्याला विस्कटलेली दिसते, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण बाहेरून आणून चिकटवलेला मजकूर असतो. वर्डमधून कॉपी केलं की फॉन्ट, रंग, ओळींमधली अंतरं यांचा अदृश्य कोडही सोबत येतो. हा कोड वाढून ईमेल १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो मध्येच कापतं आणि उरलेला भाग एका लिंकमागे ठेवतं. सभेची विषयपत्रिका नेमकी तळाशी असते! म्हणून कंट्रोल-शिफ्ट-व्हीनेच चिकटवा, त्याने सजावट सोडून नुसता मजकूर येतो. ठळक अक्षरं, क्रमांक नंतर जीमेलमध्येच द्या. पीडीएफमधून घेतलेल्या मजकुरात प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर असतो. ते सगळे हाताने काढा, नाहीतर फोनवर एक ओळ पूर्ण, एक अर्धी असं दिसतं.

मराठीत आणखी एक खोच आहे. श्रीलिपी या टायपिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या, युनिकोड (सगळ्या उपकरणांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली नोटीस तो फॉन्ट नसलेल्या फोनवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा होऊन उघडते, कारण आत साठवलेली अक्षरं मुळात देवनागरी नसतातच. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, किंवा जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘इनपुट टूल्स’ चालू करून तिथेच मराठी लिहा. ही सोय खरोखर चांगली आहे.

मेंटेनन्सच्या थकबाकीचा तक्ता एक्सेलमधून थेट चिकटवू नका. रकान्यांच्या रुंदीचे आकडे सोबत येतात आणि फोनवर शेवटचा रकाना, म्हणजे भरायची रक्कम, पडद्याबाहेर जातो. दोनच रकाने ठेवा, नाहीतर पीडीएफ जोडा (२५ एमबीपर्यंत थेट जाते, पुढे ड्राइव्हची लिंक होते). नोटीस फोटो म्हणून मजकुरात टाकणंही चूकच: फोटोतला मजकूर सहसा शोधता येत नाही.

‘प्लेन टेक्स्ट मोड’ (सजावटीशिवाय नुसता मजकूर पाठवण्याची सोय) सुरक्षित वाटतो, पण त्यात जीमेल लांब ओळी स्वतःच तोडतं, ते फोनवर वाईट दिसतं. तो बंदच ठेवा.

पाठवण्याआधी स्वतःला एक प्रत धाडा. अँड्रॉइड फोनवर डार्क मोडमध्ये एकदा आणि विंडोजच्या जुन्या आउटलुक या ईमेल प्रोग्रॅममध्ये एकदा उघडून बघा. ते २००७ पासून ईमेल वर्डच्या इंजिनाने दाखवतं, त्यामुळे तिथली मांडणी वेगळी पडते. आणि ‘अनडू सेंड’ची (पाठवलेला ईमेल मागे घेण्याची) मुदत ३० सेकंद करून ठेवा, तारखेतली चूक बहुतेकदा सेंड दाबल्यावरच दिसते.