चौथी ते सातवीच्या वाचकांसाठी मराठी पुस्तके : काय द्यावे, काय थोडे थांबून द्यावे

लहान मुलांसाठी मराठीत आता चित्रांची देखणी पुस्तके मिळतात आणि आठवीच्या पुढच्या मुलांना मोठ्यांच्या कपाटातले बरेच काही चालते. पंचाईत होते ती मधल्या तीन-चार वर्षांची. नऊ ते बारा वर्षांच्या वाचकाला मोठा टाइप आणि पानभर चित्र पाहिले की आपल्याला कुकुले बाळ समजले असे वाटते, आणि तीनशे पानांची कादंबरी पुढे ठेवली की तो आधी शेवटच्या पानाचा आकडा बघतो. याच वयात वाढदिवसाला आणि बक्षीस समारंभाला थोरांची संक्षिप्त चरित्रे आणि बोधकथांचे संच वाटले जातात, कारण देणाऱ्याला ते सोयीचे असतात. मुले ती घेतात, नाव घालतात आणि कपाटात ठेवून देतात.

मी एका बालवाचनालयाचे काम पाहते. खाली ज्या पुस्तकांची शिफारस केली आहे ती या वयाच्या मुलांनी आपणहून मागून नेलेली आहेत. निवडताना एक कसोटी मला फार उपयोगी पडत आली आहे: गोष्टीतल्या मुलाला स्वतः काही करायला मिळते का, की ऐन वेळी कोणी वडीलधारे येऊन सगळे निस्तरतात आणि वर चार शब्द ऐकवतात? दुसऱ्या प्रकारचे पुस्तक मुलांना दहाव्या पानावर ओळखू येते.

या कसोटीवर आजही सर्वांत वर राहतो तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला बनेश ऊर्फ बन्या फेणे हा काडीपैलवान मुलगा सायकलवर टांग टाकतो, तोंडाने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो आणि संकटात उडी घेतो. त्याच्याकडे कोणतीही अलौकिक शक्ती नाही, चपळाई आणि डोके एवढेच भांडवल आहे. उत्कर्ष प्रकाशनाने ही मालिका वीस छोट्या पुस्तकांत उपलब्ध ठेवली आहे, आणि आकाराचा हा लहानपणाच तिचे मोठे बळ आहे. नुकतेच सलग वाचू लागलेले मूल एक पुस्तक एका सुट्टीच्या दिवसात संपवते आणि ‘मी पुस्तक संपवले’ हा अनुभव त्याला लवकर मिळतो. ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’पासून सुरुवात करावी, पुढे क्रम पाळला नाही तरी बिघडत नाही. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ किंवा ‘गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे’ अशी नावेच मुलांना पुढचे पुस्तक निवडायला पुरेशी ठरतात.

भागवतांच्या गद्याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. त्यांची वाक्ये आखूड, बोलती आणि सतत पुढे सरकणारी आहेत, वर्णन आले तरी ते पळता पळता येते, आणि लेखक मुलांच्या डोक्यावरून मोठ्यांकडे बघून डोळा मारत नाही. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आणि मराठी अक्षर-अक्षर जुळवत वाचणाऱ्या मुलांसाठी हे फार मोलाचे आहे, कारण अशा मुलांना अर्थ लागण्याआधी दम लागतो आणि गोष्टीने ओढल्याशिवाय ती परिच्छेद ओलांडत नाहीत. उणिवाही सांगायला हव्यात. कथांचा काळ बराच मागचा आहे, चीनशी झालेल्या युद्धाची पार्श्वभूमी एका गोष्टीला आहे, आणि तारा, ट्रंक कॉल, टांगे यांचे संदर्भ घरातल्या कोणाला तरी समजावून द्यावे लागतात. योगायोगांचा भरणा आहे. मुलींच्या वाट्याला फारसे काही येत नाही, हे तर आमच्या वाचनालयातल्या मुली न विचारता सांगतात. २०१७ साली आलेल्या चित्रपटातला तरुण फेणे पाहून पुस्तकाकडे वळलेली मुले पुस्तकातला शाळकरी बन्या पाहून आधी थोडी गोंधळतात, पण नंतर त्याच्यावरच अधिक खूश असतात. याच भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्याही मराठीत आणल्या; फेणे संपला की ‘चंद्रावर स्वारी’ शोधावी.

फेणेच्या धावपळीची सवय झालेल्या मुलाला पुढची पायरी म्हणून सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा द्यावा. अशोक जैन यांनी केलेले हे अनुवाद रोहन प्रकाशनाने संचरूपाने काढले आहेत. रायांनी १९६५ साली ‘संदेश’ या मुलांच्या बंगाली मासिकात ही मालिका सुरू केली, आणि तेच तिचे मर्म आहे: वाचक मूल आहे हे लेखक क्षणभरही विसरत नाही, पण त्याला कमी अकलेचे समजत नाही. गोष्ट सांगतो तो फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे. त्याला जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसते, त्यामुळे अकरा वर्षांचा वाचक त्याच्या बरोबरीने तर्क लढवतो आणि बऱ्याचदा त्याच्या एक पाऊल पुढेही असतो. जैसलमेरच्या सोनेरी किल्ल्याची गोष्ट पहिल्यांदा द्यायला उत्तम. मागचा जन्म आठवतो असे सांगणारा मुकुल नावाचा मुलगा, त्याच्या मागावर असलेली खोटी माणसे, कोलकात्याहून राजस्थानपर्यंतचा आगगाडीचा प्रवास आणि वाळवंटातली उंटांवरची पळापळ, एवढे सगळे असताना कोणी मध्येच पुस्तक खाली ठेवत नाही. याच गोष्टीत लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू हे रहस्यकथा लिहिणारे गृहस्थ प्रवेश करतात. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या भूगोलाच्या आणि विज्ञानाच्या चुका फेलूदा शांतपणे काढत राहतो, आणि मुलांना याची गंमत इतकी वाटते की जटायू नसलेल्या गोष्टी त्यांना काहीशा अळणी वाटू लागतात. आपल्या वेरूळच्या लेण्यांत घडणारी एक आणि मुंबईत घडणारी एक अशा गोष्टीही संचात आहेत. त्या मराठी मुलांना घरच्या वाटतात. पालकांसाठी एक सूचना अशी की फेलूदा चारमिनार सिगरेट ओढतो आणि काही गोष्टींत खून आहेत. चौथीऐवजी सहावीपासून हा संच द्यावा असे माझे मत त्यामुळेच आहे, मात्र सिगरेटवरून पुस्तकच काढून घेण्याचा शहाणपणा करू नये.

रहस्याच्या वाटेला न जाणारी मुलेही असतात. त्यांच्यासाठी, आणि खरे तर सगळ्यांसाठीच, तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ आहे. मूळ जपानी पुस्तक १९८१ सालचे. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला असून त्याची किंमत शाळांना परवडणारी असते. शिक्षणावरच्या व्याख्यानांत या पुस्तकाचा उल्लेख इतक्या वेळा होतो की ते शिक्षकांचे पुस्तक आहे असा समज झाला आहे. तो समज मुलांनी पार खोटा ठरवलेला मी पाहते. पहिल्या शाळेतून काढून टाकलेली एक चौकस मुलगी तोमोई नावाच्या शाळेत येते, तिथले वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरतात, आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचे बोलणे तब्बल चार तास ऐकून घेतात. एवढ्यावरच पाचवीतला वाचक काबीज होतो. पुढे एक प्रसंग असा आहे की तोत्तोचानची आवडती पर्स शौचकूपात पडते. ती लांब दांड्याचे डोणे घेऊन टाकीतली घाण उपसू लागते, बाजूला ढीग लागतो, तेवढ्यात मुख्याध्यापक तिथून जातात, काय चालले आहे ते विचारतात आणि काम झाले की हे सगळे परत आत टाकशील ना, एवढेच म्हणून निघून जातात. हे पान मोठ्याने वाचले की मुले हसून लोटपोट होतात आणि मग एकदम गप्प होतात, कारण आपल्या शाळेत काय झाले असते हे प्रत्येकाला ठाऊक असते. प्रकरणे दोन-तीन पानांची असल्यामुळे वर्गात रोज एक वाचायला पुस्तक फार सोयीचे पडते. शेवटाकडे युद्ध येते, बाँबहल्ल्यात शाळा जळते, पोलिओ झालेला यासुआकीचान हा तोत्तोचानचा मित्र मरण पावतो. मुले हे दुःख पेलतात. त्यांच्या आधी मोठ्यांनी पुस्तक वाचून ठेवलेले बरे, इतकेच.

हलकेफुलके हवे असल्यास दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आहेच. खोड्या, शेजारी आणि शहरी मध्यमवर्गीय घर यांतला विनोद सहज लागतो, आणि ज्या मुलांना पुस्तक म्हटले की कपाळाला आठ्या पडतात त्यांच्यासाठी तो फेणेपेक्षाही सोपा प्रवेश आहे. सगळे भाग सारखे उतरलेले नाहीत, म्हणून आधी एक-दोन भाग घेऊन पाहावेत. संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ ही मुलीने लिहिलेल्या वहीच्या रूपात पुढे जाते, आणि मुलींच्या वरील तक्रारीवर माझ्या हाताशी असलेला हा एक चांगला उतारा आहे. ती वाचून काही मुली स्वतःची वही सुरू करतात.

ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’बद्दल मात्र थोडे अधिक लिहायला हवे. साहित्य अकादमीचा २०१७चा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकात डोंगरातल्या एका गावातले बालपण आहे आणि त्या गावावर धरणाच्या पाण्याचे सावट आहे. इथे पाठलाग नाही, चोर नाही, कोडे नाही. झाडे, पाखरे, पाऊस, गुरे आणि माणसे आहेत, आणि हे सगळे आता सुटणार आहे याची जाणीव हळूहळू पानांत उतरत जाते. शहरातल्या मुलाला ते एकट्याने वाचायला दिले तर सुरुवातीची पाने जड जातात, कारण त्यातले पुष्कळ जग त्याने पाहिलेलेच नसते. पण दोन-तीन प्रकरणे कोणी वाचून दाखवली तर पुढे वाट सापडते, आणि गावाकडच्या मुलांना तर कोणाच्याही मदतीची गरज पडत नाही. गेल्या काही वर्षांतले या वयासाठीचे एकच मराठी पुस्तक निवडा असे कोणी म्हटले तर मी हेच निवडेन.

कोणते पुस्तक द्यावे हेच कळत नसेल, तर माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’ घ्यावे. ज्योत्स्ना प्रकाशनाच्या या संचात बाल गटाचे दोन आणि कुमार गटाचे दोन भाग आहेत, आणि आपल्या वयोगटाला कुमार गट लागू पडतो. जुन्या-नव्या मराठी लेखनातले वेचे आणि कविता विषयांनुसार गुंफून त्यांना भारतीय चित्रकलेतल्या चित्रांची जोड दिली आहे. हे सलग वाचायचे पुस्तक नव्हे. कोणतेही पान उघडावे, अर्धा तास रमावे, एखादा वेचा आवडला की तो ज्या पुस्तकातला आहे ते मूळ पुस्तक शोधावे, असा त्याचा उपयोग आहे, आणि मुलाला पुढे काय आवडेल याचा अंदाज पालकांना यातून चांगला येतो. निर्मिती देखणी असल्याने संच स्वस्त नाही. सोसायटीतल्या चार घरांनी मिळून घेतला तर उत्तम.

आता थोडे थांबून द्यावीत अशी पुस्तके. ‘श्यामची आई’ हे पुस्तक घराघरांत याच वयात दिले जाते, पण १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ते गद्य मोठा झालेला श्याम भरल्या गळ्याने सांगतो आहे, आणि दहा वर्षांचे मूल एकट्याने वाचताना त्या हुंदक्यांनी दमते. त्यातली एकेक ‘रात्र’ घरातल्या कोणी वाचून दाखवावी. रचनाच तशी सांगण्याची आहे. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला लंपन वयाने या मुलांचाच सोबती असला तरी त्याच्या निरागस बोलण्यातला विनोद मोठ्यांना अधिक कळतो. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’ आणि वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ ही दोन्ही सातवीच्या उन्हाळी सुट्टीसाठी राखून ठेवावीत. घाईने दिलेले चांगले पुस्तक अर्धवट राहते, आणि अर्धवट टाकलेल्या पुस्तकाकडे या वयाची मुले सहसा परत फिरकत नाहीत.

ज्या शाळांना पुस्तकांसाठी फार पैसे काढता येत नाहीत त्यांनी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाची वर्गणी आधी भरावी. नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालेले हे मासिक कमी किमतीत भरपूर मजकूर देते, आणि त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले आहेत. त्या जुन्या अंकांत नामवंत लेखकांनी मुलांसाठी लिहिलेल्या कथा पडून आहेत. मुलाच्या हाती मोबाइल देऊन ‘यातून वाच’ म्हटले तर दुसऱ्या मिनिटाला तो भलतीकडे जातो, तेव्हा शिक्षकांनी एखादी कथा निवडून तिच्या छापील प्रती काढाव्यात आणि वर्गातल्या कोपऱ्यात ठेवाव्यात. दिवाळी अंक मात्र छापीलच घ्यावा, आणि शक्य असल्यास दोन प्रती घ्याव्यात, कारण एका प्रतीवरून भांडणे होतात.