नववीची वाचनप्रगती मोजण्यासाठी कोणती चाचणी निवडावी?

साठ विद्यार्थ्यांच्या नववीच्या वर्गात मराठी वाचनाची प्रगती वर्षभर मोजायची असेल, तर विषयशिक्षकापुढे मुख्यतः चार पर्याय असतात.

‘असर’ या ग्रामीण भारतातील मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत वापरली जाणारी तोंडी चाचणी सर्वांत परिचित आहे. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असे तिचे टप्पे आहेत. माध्यमिक शाळेत तिची गरज नाही असे म्हणता येत नाही, कारण २०२३च्या ‘असर’ पाहणीत १४ ते १८ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुलांना प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता आला नव्हता. मात्र गोष्ट वाचता आली की ही चाचणी संपते आणि त्यापुढची वाढ तिच्यात दिसत नाही.

एका मिनिटात अचूक वाचलेले शब्द मोजल्यास लहान फरकही टिपता येतात. पण प्रत्येकी तीन मिनिटे धरली तरी साठ जणांना तीन तास लागतात. शिवाय मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडली जात असल्याने इंग्रजीसाठी ठरवलेले शब्दसंख्येचे निकष येथे लावू नयेत.

विल्सन टेलर यांनी १९५३मध्ये मांडलेल्या क्लोज चाचणीत उताऱ्यातील साधारणतः दर पाचवा शब्द गाळतात आणि विद्यार्थी संदर्भावरून तो भरतो. संपूर्ण वर्गाची चाचणी एका तासिकेत होते आणि गाळलेला शब्द प्रत्ययासह जात असल्याने लिंग-वचनाच्या खुणा धरून वाचावे लागते. मूळ शब्दालाच गुण देणे कठोर वाटते, पण समानार्थी शब्द स्वीकारू लागल्यास दोन शिक्षकांची तपासणी जुळत नाही. शुद्धलेखनाचे गुण मात्र कापू नयेत. येथे निम्मे गुण हे अपयश नव्हे, हे पालकांना आधीच सांगितलेले बरे.

अपठित उताऱ्यावरील प्रश्न शाळेत सहज रुळतात. तथापि प्रश्नातील शब्द शोधून ते वाक्य जसेच्या तसे उतरवणारा विद्यार्थीही त्यांत गुण मिळवतो, आणि वाचनासोबत लेखनही मोजले जाते.

माझ्या मते वर्षातून तीनदा सर्वांची क्लोज चाचणी घ्यावी आणि तिच्यात फार मागे राहणाऱ्यांचेच मिनिटभराचे प्रकट वाचन स्वतंत्रपणे ऐकावे. उताऱ्यांची काठिण्यपातळी क्वचितच समान असते, म्हणून पहिल्या वेळी अर्ध्या वर्गाला एक आणि उरलेल्या अर्ध्याला दुसरा उतारा द्यावा व पुढच्या वेळी त्यांची अदलाबदल करावी.