एड: फाइलींवर पहारा ठेवणारं टूल, काही महिने वापरल्यानंतर

आमच्या डेबियन (लिनक्स) सर्व्हरवर एड (AIDE) रोज रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतून, चालतं. पहिल्यांदा ते ठरवलेल्या फोल्डरांतल्या प्रत्येक फाइलचा आकार, मालक, परवानग्या आणि हॅश (आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) यांचा डेटाबेस बनवतं आणि पुढे दर वेळी डिस्क त्याच्याशी ताडून पाहतं. १९९२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातून आलेल्या ट्रिपवायर या अशाच टूलच्या घराण्यातलं, पण पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर.

मला सगळ्यात भावला तो एक्झिट कोड, म्हणजे काम संपताना टूल परत देतं तो आकडा. काहीच बदल नसेल तर ०. नवी फाइल दिसली तर १, गेली तर २, बदलली तर ४, आणि एकाहून जास्त गोष्टी घडल्या तर त्यांची बेरीज. ५ आला म्हणजे काही नवं आहे आणि काही बदललेलंही. १४ पासून पुढचे कोड मात्र टूलच्याच अडचणीचे, कॉन्फिग चुकलं की १७. त्यामुळे बॅश स्क्रिप्टमध्ये ‘शून्य नाही म्हणजे फेल’ असं लिहून भागत नाही. माझी स्क्रिप्ट १ ते ७ ला रिपोर्ट पाठवते आणि १४ पासून पुढे ‘तपासणी झालीच नाही’ असा वेगळा मेल. हे आवर्जून करा, कारण तपासणी झाली नाही काय आणि सगळं ठीक निघालं काय, मेलबॉक्स दोन्ही वेळा रिकामाच असतो.

खरी मेहनत वगळण्याच्या नियमांत आहे. लॉग आणि कॅश आत राहिले तर रिपोर्ट इतका लांबतो की तो कुणी उघडतही नाही. पण इथे जपून. नियम हे रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे नावांशी जुळवायचे साचे असतात, सुरुवातीला बांधलेले, शेवटी मोकळे. ‘/डेटा’ वगळलं की ‘/डेटा२’सुद्धा गुपचूप वगळलं जातं. शेवटी डॉलरचं चिन्ह (नाव इथेच संपतं, अशी खूण) हवं की नको, हे प्रत्येक ओळीला तपासावंच लागतं.

पॅकेज अपडेटच्या दिवशी आधी तपासणी, मग अपडेट, मग नवा डेटाबेस. हा क्रम मोडला तर आधीच झालेली छेडछाडही ‘मूळ’ म्हणून नोंदली जाते. डेटाबेसची प्रत दुसऱ्या मशीनवर ठेवा. ज्याच्या हाती रूट, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा लागला, तो इथला डेटाबेसही बदलू शकतो.

बदल कुणी केला हे एड सांगत नाही, त्यासाठी कुणी काय केलं याची नोंद ठेवणारं ऑडिटडी लागतं. बदल झाल्या क्षणी कळतही नाही. मोजकेच फोल्डर असतील तर फाइंड (फाइली शोधणारी कमांड) आणि शा२५६सम (हॅश काढणारी) जोडूनही काम होईल, असं मला आधी वाटायचं. पण हॅशच्या यादीवरून पडताळताना नवी आलेली फाइल दिसत नाही, की बदललेली परवानगी. एखाद्या फाइलला सेटयूआयडी (ती मालकाच्या अधिकाराने चालू देणारी परवानगी) लागला तरी हॅश तोच राहतो. एवढ्या एका कारणासाठीही मी एडच घेईन.