बालीत पहिल्यांदा जाताय? वारुंग, रात्रबाजार की रेस्टॉरंट

बालीला जाऊन आलेल्यांना तिथं काय खाल्लंत म्हणून विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, नासी गोरेंग (परतलेला भात), मी गोरेंग (परतलेल्या नूडल्स) आणि मग कंटाळा आला तेव्हा पनीर बटर मसाला. पहिले दोन पदार्थ इंडोनेशियात कुठेही मिळतात, जकार्तातही आणि सुमात्रातही. म्हणजे बालीचं स्वतःचं जेवण या मंडळींच्या ताटात आलंच नाही. चव आवडली नाही असंही नसतं, घोळ वेळेचा असतो. आपण दिवसभर देवळं आणि समुद्रकिनारे फिरतो, दुपारी काहीतरी पोटात ढकलतो आणि रात्री आठला ‘चला, आता निवांत जेवू’ म्हणून बाहेर पडतो. बाली रांधते सकाळी. घरात एकदाच स्वयंपाक होतो, तो झाला की चुलीपाशी, पाण्यापाशी, देवळीत केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूट चिमूट भात ठेवतात, त्याला सायबान म्हणतात. त्यानंतर दिवसभर ज्याला जशी भूक लागेल तसा तो वाढून घेतो. साधी खानावळ, म्हणजे वारुंग, तीही याच घड्याळावर चालते.

त्यामुळे कुठे जेवायचं याच्या आधी कधी जेवायचं ते ठरवा. मी तर म्हणेन, बालीत असेपर्यंत मुख्य जेवण दुपारी घ्या आणि रात्रीचं हलकं ठेवा. एवढं केलंत की पुढची निवड बरीच सोपी होते.

दुपारचा वारुंग

मांसाहारी माणसाने पहिलं जेवण इथेच करावं, आणि मागवावं नासी चाम्पुर. मधे भात आणि भोवती सात-आठ पदार्थ थोडे थोडे: शेंगा आणि खोबऱ्याची उराब, कोंबडीचे तुकडे, गवती चहाच्या दांड्याला थापून भाजलेलं साते लिलित, तळलेले शेंगदाणे, अर्धं अंडं, एखादी कुरकुरीत कातडी आणि कडेला साम्बाल, म्हणजे मिरचीची चटणी. काचेच्या कपाटात सगळं मांडलेलं असतं. बोट दाखवायचं आणि घ्यायचं. काउंटरमागच्या बाईंना ‘इबू’ म्हणा किंवा वयाने फार मोठ्या नसतील तर ‘म्बोक’, आणि पुरुषाला ‘ब्ली’. म्बोक म्हणजे ताई आणि ब्ली म्हणजे दादा. एवढ्यावरही चेहरे खुलतात.

किंमत साधारण 25 ते 50 हजार रुपिया. शून्यं बघून दचकू नका, हजार रुपियाला साडेपाच रुपये धरा, म्हणजे एकशे चाळीस ते पावणेतीनशे रुपयांत पोटभर जेवण होतं. उबुदजवळच्या केदेवातानची कोंबडीची नासी चाम्पुर यासाठी नावाजलेली आहे. तिथे डुकराचं मांस नको असणाऱ्यांचीही सोय होते.

या सगळ्याच्या मुळाशी एक वाटण असतं, बासा गनेप. छोटे कांदे, लसूण, मिरची, आलं, ओली हळद, गलांगल आणि कंचुर हे आल्याच्या जातीचे कंद, धणे, मिरी, जायफळ, केमिरी नावाची तेलकट बी आणि सुक्या कोळंबीची आंबवलेली तरासी. आपल्याला यातलं अर्धं ओळखीचं लागतं. खरा फरक पडतो तो कंचुरने, त्याला कापराकडे झुकणारा एक वास आहे. पहिल्या घासाला तो औषधी वाटतो, तिसऱ्या-चौथ्याला त्याच्याशिवाय जेवण अळणी वाटायला लागतं. तिखटाची काळजी मराठी माणसाने करू नये असं मी म्हणणार होतो, पण गिलिमानुकची आयाम बतुतू त्याला अपवाद आहे. बेटाच्या पश्चिम टोकाला, जावाहून येणारी फेरी लागते त्या गावची ही कोंबडी खरोखर घाम काढते. पारंपरिक बतुतू म्हणजे वाटण भरलेली कोंबडी किंवा बदक, केळीच्या पानात आणि पोफळीच्या विरीत गुंडाळून भाताच्या तुसाच्या निखाऱ्यात तासन्तास ठेवलेलं. गिलिमानुकची मात्र वाटणात शिजवतात, आणि तिखट त्या रश्शात उतरतं.

बाबी गुलिंग, म्हणजे सळीवर फिरवत भाजलेलं अख्खं डुक्कर, हे बालीचं सगळ्यात गाजलेलं ताट. खात असाल तर अकरा ते एकच्या दरम्यान जा. हळदीच्या पाण्याने रंगलेली कातडी ताजी असेपर्यंतच काचेसारखी फुटते, दुपारी तीनला तीच चामट होते, आणि तोवर चांगल्या ठिकाणी माल संपलेलाही असतो. सोबत येणाऱ्या लावारबद्दल मात्र विचारून घ्या. बारीक चिरलेली भाजी, खोबरं आणि खिमा यांचं हे मिश्रण लाल आणि पांढरं अशा दोन प्रकारांत मिळतं. लाल लावारमध्ये कच्चं रक्त असतं. गावकरी आवडीने खातात, पण कच्च्या डुकराच्या रक्तामांसातून होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण बालीत नोंदले गेले आहेत. ‘लावार पुतिह’ म्हणजे पांढरं लावार मागा, तेही दुपारपर्यंतच. धाडस दाखवायची जागा ही नव्हे.

वारुंगची कच्ची बाजू एकच: जे रांधलंय ते रांधलंय. त्यातून काही वगळून मिळत नाही. गर्दी असेल तिथे जा, माल फिरतो. संध्याकाळी पाचला रिकाम्या वारुंगातल्या काचेआड उरलेले पदार्थ दिसले तर पुढे चालू लागा.

रात्रबाजार

दिवस फिरण्यातच गेला तर रात्रीसाठी हा बरा पर्याय. गियान्यारचा बाजार मोठा, दुपार कलली की भरतो. सानूरचा सिंधू बाजार लहान आणि नवख्याला सोपा. इथे सगळंच बालीचं नसतं, जावाचे गाडे भरपूर असतात. पण तव्यावरून किंवा निखाऱ्यावरून थेट हातात पडतं, आणि पोटाच्या दृष्टीने वारुंगच्या संध्याकाळच्या उरलेल्या मालापेक्षा हे केव्हाही चांगलं. डेनपासारला रात्री रस्त्याकडेला नासी जिंगो मिळतो, केळीच्या पानात बांधलेला मूठभर भात, त्यात कोंबडीचे चिमूटभर तुकडे आणि झणझणीत साम्बाल. एकाने भूक भागत नाही, दोन घ्या.

गोमांस टाळणाऱ्यांनी इथे ‘सापी’, म्हणजे गाय, हा शब्द लक्षात ठेवावा. बाली हिंदूबहुल असली तरी बाक्सो या सूपमधले मांसाचे गोळे बहुधा गोमांसाचे असतात, आणि पादांग (सुमात्राच्या पद्धतीच्या) खानावळीतला प्रसिद्ध रंदांग, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेलं मांस, तर असतोच. उलट डुक्कर नको असेल तर मुस्लिम वारुंग शोधा, पाटीवर तसं लिहिलेलं असतं.

पर्यटकांची रेस्टॉरंटं

भातखाचरांकडे तोंड करून बसायचं, पंखा, स्वच्छ बाथरूम, इंग्रजी मेनू. म्हातारे आईवडील किंवा लहान मुलं सोबत असतील तर याचं मोल कळतं, उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. वारुंगच्या तिप्पट-चौपट पैसे जातात. मेनूत किमतीपुढे दोन अधिक चिन्हं असतील तर कर आणि सेवाशुल्क वेगळं, बिल 15 ते 21 टक्क्यांनी फुगतं.

चवीचं म्हणाल तर इथलं वाटण सौम्य केलेलं असतं. उबुदमध्ये सगळे कुरकुरीत तळलेलं बदक खातात आणि ‘बालीचं बदक खाल्लं’ म्हणतात. चांगलं लागतं, पण बतुतूची खोली त्यात नाही. खरं निखाऱ्यातलं बदक हवं असेल तर बऱ्याच ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं. ते सांगा. रेस्टॉरंटमध्ये जाण्याचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण तेच.

जिंबारानच्या वाळूवरचं मासळीचं जेवण यातच धरतो. बर्फातला मासा निवडायचा, तो नारळाच्या सोडणांवर भाजून मिळतो. पैसे किलोवर. वजन तुमच्यासमोर करायला लावा आणि भात, साम्बाल, पालेभाजी त्याच भावात आहे का हे आधीच विचारा, नाहीतर सूर्यास्त फार महाग पडतो. पैसे वाचवायचे असतील तर शेजारच्या केदोंगानान बाजारात मासा घ्या आणि तिथेच थोडी मजुरी देऊन भाजून घ्या. मालवण-रत्नागिरीकडच्या माणसाला भाव करण्यात आणि मासा पारखण्यात काही शिकवायची गरज नाही.

शाकाहारी असाल तर

इथे वरचा सगळा क्रम बदलतो. वारुंगच्या काचेआड हिरव्या भाज्या भरपूर दिसतात आणि शाकाहारी माणूस तिथेच फसतो. शेंगांच्या उराबमध्ये तरासी असते. कोवळ्या फणसाची भाजी किंवा केळीच्या गाभ्याचा रस्सा बहुतेकदा मांसाच्या पाण्यात शिजलेला असतो. वांग्यावरच्या साम्बालमध्येही तरासी असते. वाढणारी बाई खोटं बोलत नसते. तिच्या लेखी तरासी हा मसाला आहे, मांस नव्हे. म्हणून ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगून भागत नाही. ‘तान्पा तरासी’ म्हणा, म्हणजे तरासीशिवाय, आणि ‘तान्पा तलुर’ म्हणजे अंड्याशिवाय.

पण हे सांगून उपयोग तिथेच, जिथे पदार्थ तुमच्यासमोर तयार होतो. म्हणून शाकाहारी माणसाचा पहिला पदार्थ तिपात चांतोक. गाडीवाली बाई दगडी पाट्यात मिरची, लसूण, कंचुर आणि मीठ चेचते, त्यावर तळलेले शेंगदाणे टाकून रगडते, ताडगूळ आणि पाणी घालून सरबरीत करते. मग त्यातच नारळाच्या झापाच्या विणलेल्या थैलीत उकडलेल्या भाताचे तुकडे, वाफवलेली पालेभाजी, मोड, तळलेला टोफू टाकून उलथनं फिरवते. तरासी पडायची असेल तर ती पहिल्या मिनिटाला पडते, म्हणून ती चेचायला लागायच्या आतच बोला. मिरच्या किती, हेही ती विचारते. 15-20 हजार रुपियात पोट भरतं, आणि बालीतलं इतकं सरळ, इतकं चविष्ट शाकाहारी खाणं मला दुसरं माहीत नाही. क्लुंगकुंगकडे गेलात तर सरोम्बोतान विचारा, पालेभाज्या आणि कडधान्यं, वर तिखट खोबरं. अट तीच.

साम्बाल माताहसुद्धा तसंच. छोटे कांदे, गवती चहाचा पांढरा कोवळा भाग, मिरच्या बारीक चिरून मीठ लावून हाताने चुरतात, वरून गरम खोबरेल ओततात आणि लिंबू पिळतात. कच्चं आणि ताजं असतं, त्यामुळे रेस्टॉरंटमध्ये सांगितलंत तर तरासी वगळून करून देतात. वाफाळत्या भातावर हे आणि शेजारी तळलेला तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, एवढ्यावर जेवण होतं.

शाकाहाऱ्यांनी पैसे खर्च करायचेच तर भपकेबाज रेस्टॉरंटऐवजी पाककलेच्या वर्गावर करावेत. उबुदच्या आसपास ते पुष्कळ आहेत, अर्ध्या दिवसाचे, साधारण चार लाख रुपिया माणशी. सकाळच्या वर्गात आधी बाजारात नेतात, म्हणून सकाळचाच घ्या. नोंदणी करताना शाकाहारी सांगितलंत की वाटण तरासीशिवाय होतं, आणि ते तुम्हीच वाटत असता, त्यामुळे संशयाला जागा राहत नाही. मांसाहाऱ्याला वर्गाची एवढी निकड नाही, त्याला तीच चव वारुंगात दहाव्या हिश्शात मिळते.

जैन मंडळींना स्पष्टच सांगतो: कांदा-लसूण आणि कंद वगळले तर बासा गनेपमध्ये फारसं काही उरत नाही. फळं, नारळपाणी आणि गोड पदार्थ यांवर बालीची चव घ्या, जेवण भारतीय हॉटेलात करा. कुटा, सेमिन्याक आणि उबुदमध्ये ती भरपूर आहेत.

गोड पदार्थांत कोणाचीच अडचण नाही. लाकलाक सकाळच्या बाजारात मिळतात, मातीच्या साच्यात आप्प्यांसारखे पण न उलटता केलेले, वर खवलेलं नारळ आणि ताडगुळाचा पाक. काळ्या तांदळाची नारळाच्या दुधातली खीर न्याहारीला मिळते. लुवाक कॉफीच्या, म्हणजे उदमांजरांच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांच्या कॉफीच्या, मळ्यांवर वेळ घालवू नका, तिथल्या पिंजऱ्यांतली उदमांजरं बघवत नाहीत. किंतामानीची साधी कॉफी घ्या.

पाणी सगळीकडे बाटलीचंच. मधे भोक असलेला नळीसारखा बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. फोडलेल्या लादीचा नको. आणि ओळख नसलेल्या ठिकाणची आराक ही गावठी दारू अजिबात घेऊ नका, मिथेनॉलच्या भेसळीने तिथे माणसं दगावली आहेत.

तारखा ठरवताना दोन सण बघून घ्या. न्येपीला, बहुधा मार्चमध्ये, अख्खं बेट चोवीस तास बंद असतं, विमानतळासकट. त्या दिवशी फक्त राहत्या हॉटेलात जेवण मिळेल, ते आधी विचारा. गालुंगान दर 210 दिवसांनी येतो. त्याच्या आदल्या दिवशी घरोघरी डुक्कर कापतात, पुरुष पहाटेपासून लावार चिरायला बसतात आणि वारुंगवाले आपल्या गावी जातात. घरगुती निवासात उतरला असाल तर त्या दोन दिवसांत यजमान बहुधा पान पुढे करतील. हॉटेलात असाल तर जावाच्या लोकांच्या मुस्लिम खानावळी आणि पर्यटकांची रेस्टॉरंटं तेवढी उघडी सापडतील.