मुर्नाऊचं म्युंटर-हाउस: काचेवरच्या चित्रांसाठी तरी नक्की जा

म्युनिकहून रिजनल ट्रेनने तासाभरात मुर्नाऊ येतं. स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, जरा चढावर, चित्रकर्ती गाब्रिएले म्युंटरचं घर आहे. बरेच जण इथे येतात ते तिचा तेव्हाचा जोडीदार, प्रसिद्ध रशियन चित्रकार वासिली कान्दिन्स्की याच्या नावाने, आणि त्याने रंगवलेल्या लाकडी जिन्यापाशीच रेंगाळतात. जिना सुरेख आहेच. कडेच्या फळीवरून घोडेस्वार आणि फुलं वर चढत जातात. पण हे घर 1909 मध्ये विकत घेतलं म्युंटरने, आणि मला इथे खरी भेटली ती तीच.

आत मोठमोठी दालनं नाहीत. साध्या लहान खोल्या, दोघांनी मिळून रंगवलेलं फर्निचर, भिंतींवर चित्रं आणि त्यांनी जमवलेल्या लोककलेच्या वस्तू. माझा सगळा वेळ गेला काचचित्रांपाशी. ही कला या भागातली जुनी. म्युंटर ती गावातल्याच हाइनरिख राम्बोल्ड नावाच्या कारागिराकडे शिकली. काचेच्या मागून रंगवायचं, त्यामुळे सगळा क्रम उलटा: आधी काळ्या रेघा आणि बारकावे, मग आकारांत भरायचे रंग, पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. डावं-उजवंही उलटं.

माझ्यासोबत आलेल्या आईने जन्मभर भरतकाम केलंय. ती काचेला नाक लावून म्हणाली, "अगं, टाका चुकला तर उसवता तरी येतो. हिची पहिली रेघ चुकली की वरचे सगळे रंग फुकट."

त्यानंतर शेजारची तैलचित्रं वेगळीच दिसायला लागली. डोंगर, घरं, ढग, सगळ्यांना ती जाड काळी रेघ आणि आत सपाट, भरगच्च रंग. काचेवर कमावलेली शिस्त तिने कॅनव्हासवर आणली. म्युनिकच्या कला अकादमीत तेव्हा बायकांना प्रवेशच नव्हता. अशा काळात खेड्यातल्या कारागिराला गुरू मानून तिने स्वतःची शैली घडवली, याचं मला फार कौतुक वाटतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयातली काचचित्रं ज्यांना आवडतात, त्यांनी इथे यायलाच हवं.

आणखी एक गोष्ट इथे येण्याआधी माहीत असावी. नाझींना अशी आधुनिक चित्रं खपत नव्हती. त्या काळात कान्दिन्स्की आणि त्याच्या मित्रांची चित्रं तिने याच घराच्या तळघरात लपवून जपली. पुढे 1957 मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, हजाराहून अधिक कलाकृती तिने म्युनिक शहराला देऊन टाकल्या. त्या तिथल्या लेनबाखहाउस या कला संग्रहालयात आहेत, तेही जरूर बघा.

तक्रार एकच. घर फक्त दुपारी दोन ते पाच उघडं असतं, सोमवारी बंद. चार माणसं आली की खोली भरते आणि निवांत बघणं होत नाही, म्हणून दोनच्या ठोक्याला दारात हजर राहा. सकाळ गावातल्या श्लॉसम्युझियममध्ये घालवा. तिथे म्युंटरची भरपूर चित्रं आहेत आणि जुन्या काचचित्रांचा मोठा संग्रहही. तो आधी पाहिला, तर घरातली तिची काचचित्रं जास्त कळतात. गुडघे दुखणाऱ्यांनी जिना जपून चढावा. आई सावकाश चढली, पण वरची एकही खोली तिने सोडली नाही.