जाम इंजिनावर एटीएफ आणि अ‍ॅसिटोन: आत्याच्या पद्मिनीचा आठ महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगतो. अर्धं एटीएफ (ऑटोमॅटिक गियरचं तेल) आणि अर्धं अ‍ॅसिटोन हे घरगुती मिश्रण सिलेंडरमध्ये गंजून बसलेल्या पिस्टनवर चालतं. हेडच्या (सिलेंडरवरच्या झाकणाच्या) स्टडवर, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या उभ्या बोल्टवर, माझ्याकडे चाललं नाही. आणि इंजिन फिरलं म्हणजे वाचलं असं नाही, हे मला दोनदा कळलं. एकदा स्वस्तात, एकदा महागात.

गाडी आत्याची, १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. नौपाड्यातली तिची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि अकरा वर्षं जिन्याशेजारी उभी असलेली गाडी हलवा म्हणून सोसायटीची नोटीस आली. भंगारवाला भाव करून गेला होता. आत्या म्हणाली, "तुला नको असेल तर दे त्याला, पण मला सांगून दे." एवढं ऐकल्यावर कोण देणार? क्रेनने उचलून कोलशेतला मित्राच्या शेडमध्ये आणली. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरचं झाकणच नाही. कार्बोरेटरचं तोंड उघडं आणि त्याने ठाण्याचे अकरा पावसाळे बघितलेले.

पहिल्या मिस्त्रीचा सल्ला होता, टोचन लावून ओढू, तिसऱ्यात टाकून क्लच सोडा, धक्क्याने सुटेल. सुटतंही कधी कधी. पण पिस्टनच्या रिंगा तुटतात, रॉड वाकतो आणि नंतर ते सगळं आपण विकत घेतो. मी नको म्हटलं.

खरोखर इंजिनच जाम आहे का, हे आधी बघून घ्या. पंख्याचा पट्टा काढून डायनमो आणि पाण्याचा पंप हाताने फिरवून पाहिले. सेल्फ (स्टार्टर) उतरवला, कारण त्याचा दात फ्लायव्हीलमध्ये अडकला तरी इंजिन जामच वाटतं. हे सगळं मोकळं निघालं. म्हणजे अडलं होतं ते सिलेंडरमध्ये.

बाजारातल्या गंज सोडवायच्या स्प्रेचे दोन डबे आधीच संपवले होते. बोल्टवर ठीक आहे, पण सिलेंडरमध्ये तो टिकत नाही. मग मिश्रण. पहिल्यांदा पाण्याच्या बाटलीत केलं, ती दुसऱ्या दिवशी पांढरी पडून तडकली. काचेची बाटली घ्या. एटीएफ आणि अ‍ॅसिटोन एकत्र राहत नाहीत, ओतण्याआधी दर वेळी हलवावं लागतं. अ‍ॅसिटोन झटकन पेटतं. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग चालतं, म्हणून ओतायचं काम मी त्यांचं वेल्डिंग बंद झाल्यावरच करायचो. मिश्रण झिरपून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातं, त्यामुळे जुनं ऑइल आधीच काढून टाकलं होतं.

प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये साधारण पन्नास मिली. रोज संध्याकाळी थोडी भर, मग क्रँकच्या नटाला गोटी पाना आणि दोन फुटी दांडा लावून एकदा पुढे, एकदा मागे. लोंबकळायचं नाही, मनगटाचाच जोर. पुलीवर आणि समोरच्या पत्र्यावर व्हाइटनरची एकेक रेघ मारून ठेवली होती. अकरा दिवस रेघ रेघेसमोर. बाराव्या दिवशी आवाज वगैरे काही झाला नाही, हाताला नुसतं थोडं मऊ लागलं. टॉर्च मारली तर पुलीची रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी पुढे गेलेली. लगेच जोर लावायचा मोह होतो. तो आवरून चार दिवस तेवढंच मागेपुढे करत राहिलो, दर वेळी मिश्रण ओतून. सोळाव्या दिवशी इंजिन पूर्ण फिरलं.

मित्र म्हणाला, प्लग लाव, बॅटरी लाव, बघू तरी. नाही म्हटलं, आधी हेड उघडून आत बघायचं होतं. हाच तो स्वस्तातला धडा.

पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं, त्यातून लोखंडी स्टड जातात. पाणी लागलं की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊन स्टड आवळून बसते. तिथे मिश्रण आठवडाभर मुरवलं, हेड जागचं हललं नाही. शेवटी इंजिन फिरतंय याचाच फायदा घेतला. ज्या सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, त्यात प्लगच्या भोकातून सुती दोरी कोंबली आणि क्रँक हळूहळू फिरवला. पिस्टन दोरीला, दोरी हेडला दाबते. भोवती लाकडी हातोडीने ठोकत, सिलेंडर बदलत तीन दिवसांत हेड वर आलं. तरी एक स्टड तुटलाच.

आत काय दिसावं? एक आणि दोन नंबरचे सिलेंडर जवळजवळ आरशासारखे. चार नंबरला डाग. तीन नंबर मात्र गेरू फासल्यासारखा. कारण सरळ आहे. फायरिंग ऑर्डर (सिलेंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२. गाडी बंद पडली तेव्हा एक आणि दोनचे व्हॉल्व्ह बंद होते, चारचा एक्झॉस्ट उघडा आणि तीनचा इनटेक, म्हणजे कार्बोरेटरकडचा, उघडा. त्या उघड्या कार्बोरेटरची सगळी ओल तीनमध्येच गेली. रिंगा जिथे बसून होत्या तिथे नख अडकेल एवढी खाच.

वागळे इस्टेटमधल्या बोअरिंगवाल्यांनी डायल गेज घातला आणि म्हणाले, "बाकीचे होनिंगवर, वरवर घासून, निघतील, हा नाही निघणार. करायचे तर चारही एका मापाचे करा." मूळ बोअर (सिलेंडरचा व्यास) ६८ मिमी. चारही ओव्हरसाइझ केले, म्हणजे कापून थोडे मोठे. तुटलेल्या स्टडला नट वेल्ड करून त्यांनीच तो काढला. हेड फेसिंग, नवे व्हॉल्व्ह, बेअरिंग. ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून हद्दपार झाल्या, पण टॅक्सीवाल्यांच्या पुण्याईने कुर्ला आणि ऑपेरा हाऊसच्या दुकानांत माल अजून निघतो. पिस्टन सेट दुसऱ्या फेरीत मिळाला. सगळं मिळून पन्नास हजारांच्या थोडं वर गेलं.

आता महागातला धडा. पिस्टन-पिस्टन करताना ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा मी नुसत्या नळीने धुतल्या. दुसऱ्या महिन्यात गायमुख घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि तापमानाचा काटा लालमध्ये. हेडचं पॅकिंग गेलं. पुन्हा हेड उतरवलं, ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या टोप्या काढल्या, तर चार नंबरच्या मागे गंजाचे पापुद्रे आणि गाळ, मूठभर नव्हे, चहाचा मोठा मग भरून. जे काम ब्लॉक रिकामा असताना तासाभरात झालं असतं, त्याला आठवडा आणि नवं पॅकिंग गेलं. बोअरिंगवाल्यांना दोष नाही. मी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर तक्रार नाही. आठ महिन्यांत २,६०० किलोमीटर झाले. पहिले पाचशे किलोमीटर ताशी साठच्या आत चालवली, मग ऑइल बदलून हेडचे नट पुन्हा कसले. सुरुवातीला निळसर धूर होता, रिंगा बसल्यावर गेला. कॉम्प्रेशन चारही सिलेंडरमध्ये १२० ते १२५ पीएसआय, तीन नंबरही त्यातच. शहरात लिटरला बारा देते. आत्याने मानपाड्यापर्यंत स्वतः चालवून पाहिली. स्टिअरिंगखालचा गियर दांडा न बघता टाकत होती. उतरल्यावर फक्त म्हणाली, "क्लच जड केलास." केलाय, प्लेट नवी आहे.

सध्याची काळजी पेट्रोलची. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं मिळतं, आणि पद्मिनीच्या इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा (डायफ्रॅम), नळ्या हे जुन्या काळचं रबर, इथेनॉलला न टिकणारं. नळ्या आधीच बदलल्या. मागच्या आठवड्यात पंपाच्या कडेला ओल दिसली, म्हणून पडद्याचा किट आणून ठेवलाय. येत्या रविवारी तो घालायचा आहे.